सही समोर असेल तर सावध

लंडनच्या टीममधल्या एका सहकारिणीने व्हिडिओ कॉलवर एक चित्र कॅमेऱ्यासमोर धरलं. तळहातात मावेल एवढं, लंबगोल, पांढऱ्या चौकटीतलं. पावडर लावलेल्या केसांची बाई आणि कडेला ठळक सही : कॉस्वे. आजीकडून आलेलं. मला या चित्रांचा नाद आहे हे तिला माहीत होतं. "घराच्या डिपॉझिटला हातभार लागेल का?" तिने विचारलं.

फोटोच्या आधीच्या काळात अशी चित्रं म्हणजे आपला आजचा फोनचा वॉलपेपर. माणूस जवळ नसला तरी चेहरा खिशात किंवा गळ्यात. इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज १८३० मध्ये दफन झाला, तेव्हा त्याच्या गळ्यात मारिया फिट्झहर्बर्टचं असंच चित्र होतं. रिचर्ड कॉस्वे (१७४२–१८२१) हा त्याच जॉर्जचा आवडता चित्रकार. हस्तिदंताच्या पातळ चकतीवर तो जलरंग इतका विरळ लावायचा, की खालचा दंत त्वचेसारखा उजळून दिसे. सही मात्र तो बहुतेक वेळा चित्राच्या मागे करायचा.

म्हणजे समोरची सही हाच पहिला बग.

मी तिला भिंगातून गालाचा फोटो काढायला सांगितलं. हाताने रंगवलेल्या चित्रात बारीक रेघा आणि ब्रशने टेकवलेले ठिपके दिसतात, लहानमोठे, वेडेवाकडे. इथे ठिपके होते ते एका मापाचे, रांगेत. वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. छापील!

१८३९ मध्ये डॅगेरोटाइप आला आणि पुढच्या काही दशकांत या चित्रकारांचा धंदा बसला. चेहरा जवळ ठेवायची गरज फोटोने भागवली, पण जुन्या खानदानीपणाची हौस उरली. मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दिवाणखान्यांसाठी अशा नकला ढिगाने निघाल्या, नामवंतांच्या सह्यांसकट.

चौकटीवर मात्र जोड दिसत होते आणि पट्ट्यांत बारीक समांतर रेषा. त्या काळी अशा चौकटींना जुन्या पियानोच्या पट्ट्या वापरत. म्हणजे चित्र खोटं, हस्तिदंत खरा. ब्रिटनच्या २०१८ च्या कायद्याने मोजके अपवाद सोडून हस्तिदंत विकायला बंदी आहे. १९१८ पूर्वीच्या, हस्तिदंतावर रंगवलेल्या लहान चित्रांना सूट मिळते. छापील चित्राला ती सूट नाही.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे यात खरा फक्त हत्तीच."

चित्र आता तिच्या टेबलावर असतं. कॉलवर मागे दिसतं.