कत्तलखाना कामगार : परजीवी संसर्ग

जनावर कापणे, सोलणे, आतडी-वजडी धुणे या कामांत ज्या परजीवींची बाधा होऊ शकते, त्यांत टॉक्सोप्लाझ्मा गोंडाय हा एकपेशीय जीव आणि एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस हा पट्टकृमी महत्त्वाचे आहेत. दोघांच्या शिरकावाच्या वाटा मात्र निराळ्या.

एकायनोकॉकसमुळे शेळ्यामेंढ्या व म्हशींच्या यकृतात, फुप्फुसात पाण्याने भरलेल्या हायडॅटिड गाठी होतात. कलेजी काढताना गाठ फुटून पाणी अंगावर उडाले की कामगार धास्तावतो. ही भीती अनाठायी आहे. ते पाणी तोंडात गेले तरी माणसाला रोग जडत नाही. गाठीतली डिंभके प्रौढ होतात ती कुत्र्याच्या आतड्यात. जेमतेम २ ते ७ मिलिमीटर लांबीच्या त्या कृमीची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात आणि माणसाला बाधतात ती हीच. टाकाऊ फुप्फुसे आवारातल्या कुत्र्यांपुढे फेकण्याची सवय म्हणूनच सुरीपेक्षा घातक. शरीरात गाठ वर्षानुवर्षे मुकाट वाढते. निदान होईपर्यंत कामगाराने धंदाही बदललेला असतो, मग व्यवसायाशी संबंध कोण जोडणार?

टॉक्सोप्लाझ्माचे उलटे आहे. त्याच्या सूक्ष्म पुटी मांसातच असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. कच्चे मांस हाताळलेल्या हातांनी, ते न धुता, तंबाखू मळली की त्या पोटात जाऊ शकतात. बहुतेकांना काही जाणवत नाही. गरोदरपणात प्रथमच संसर्ग झाल्यास मात्र गर्भाला इजा पोहोचू शकते.

रक्तात टॉक्सोप्लाझ्माची आयजीजी प्रतिपिंडे सापडली म्हणजे पूर्वी कधीतरी संसर्ग झाला होता, एवढेच कळते. तो मांजराच्या विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातूनही झालेला असू शकतो. त्याच वस्तीतल्या इतर व्यवसायांच्या लोकांशी तुलना न करता कामावर ठपका ठेवणारी पाहणी फारशी उपयोगाची नाही.

भारतात २००१च्या कत्तलखाना नियमांनुसार कत्तलीपूर्वी एका पशुवैद्याने तासाला १२ आणि दिवसाला ९६हून अधिक जनावरे तपासू नयेत. जिवंत जनावरात हायडॅटिड गाठ बाहेरून दिसत नाही, त्यामुळे या रोगापुरती खरी भिस्त कत्तलीनंतरच्या तपासणीवर आणि बाधित अवयव जाळण्या-पुरण्यावर असते. कुत्र्यांना प्राझिक्वांटेलसारखे कृमिनाशक औषध देणे व त्यांना कच्चे अवयव मिळू न देणे हे उपाय न्यूझीलंडने दशकानुदशके राबवले. २००२मध्ये तो देश हायडॅटिडपासून तात्पुरता मुक्त घोषित झाला.