अँटेनाकडून तबकडीकडे : टेंभुर्णी परिसराच्या संदर्भात दूरचित्रवाणी-ग्रहण आणि घरगुती मुद्रण यांचा इतिहास (१९७२–२०२२)

प्रस्तावना

अमेरिकेत गेल्या काही वर्षांत एक उलट प्रवास दिसून येतो. उपग्रह वाहिन्यांचे मासिक शुल्क परवडेनासे झालेली कुटुंबे छपरावर पुन्हा साधा अँटेना बसवतात, त्याला मुद्रणयंत्र जोडतात आणि हवे ते कार्यक्रम हव्या त्या वेळी विनामूल्य पाहतात. हा प्रवास तिथे शक्य होतो, कारण तेथील प्रमुख खासगी वाहिन्या भूस्थित प्रक्षेपकांवरूनही मोफत प्रसारित होतात. महाराष्ट्रात, विशेषतः ग्रामीण महाराष्ट्रात, असा प्रवास का घडला नाही आणि त्याऐवजी काय घडले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. त्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातील टेंभुर्णी हे गाव निरीक्षणबिंदू म्हणून घेतले आहे. पुणे–सोलापूर महामार्गावरील हे गाव उजनी धरणाच्या लाभक्षेत्रात येते. १९८० मध्ये धरण पूर्ण झाल्यानंतर परिसरात ऊस वाढला, उसाबरोबर पैसा आला आणि पैशाबरोबर दूरचित्रवाणी संचही आला. मात्र संच विकत घेणे सोपे होते, त्यावर चित्र आणणे अवघड होते.

भूगोलाची अडचण

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढील वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुणे परिसराला मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवर आहे. टेंभुर्णीचा प्रदेश त्याहून कितीतरी सखल असून तो गडापासून सरळ रेषेत सुमारे १५५ किलोमीटर पूर्वेस येतो. दूरचित्रवाणीच्या लहरी बहुतांशी दृष्टिरेषेत प्रवास करतात, त्यामुळे एवढ्या अंतरावर त्या पोहोचल्याच तर अत्यंत क्षीण होऊन पोहोचतात. ज्याला मराठीत सर्रास ‘मुंग्या’ म्हटले जाते, ते पडद्यावरचे पांढरे-काळे ठिपके म्हणजे या क्षीणतेचेच दृश्य रूप होय.

या ठिकाणी एक ऐतिहासिक विसंगती नोंदवणे आवश्यक आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने ‘साइट’ हा प्रयोग भारतातील सहा राज्यांमध्ये राबवण्यात आला. सुमारे २४०० खेड्यांमध्ये जाळीच्या तीन मीटर व्यासाच्या तबकड्या उभारून सामुदायिक संचांवर थेट उपग्रहाचे कार्यक्रम दाखवले गेले. या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे मात्र होते, आणि त्यांपैकी पहिले दोन सोलापूर जिल्ह्याला लागून आहेत. म्हणजे सीमेपलीकडच्या काही खेड्यांनी छपरावरच्या अँटेनाआधीच उपग्रहाची तबकडी पाहिली. टेंभुर्णीसारख्या गावांना ही तबकडी घरोघर दिसण्यासाठी पुढे तीन दशके थांबावे लागले.

३० ऑगस्ट १९८३ रोजी इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि १९८४ च्या उत्तरार्धात देशभर सरासरी दररोज एक या गतीने लघुशक्ती प्रक्षेपक उभारण्यात आले. या प्रक्षेपकाची रचना समजून घेण्यासारखी आहे. तेथे एक मोठी तबकडी उपग्रहाचा संदेश घेई आणि १०० वॅट शक्तीचा प्रक्षेपक तो आसपासच्या साधारण पंधरा ते पंचवीस किलोमीटरच्या वर्तुळात पुन्हा प्रसारित करी. छपरावर अँटेना लावणारा प्रेक्षक हा अप्रत्यक्षपणे उपग्रहाचाच प्रेक्षक होता, फक्त तबकडी त्याची नव्हती, शासनाची होती. सोलापूर शहर टेंभुर्णीपासून ऐंशी किलोमीटरांहून अधिक दूर असल्याने जिल्ह्याच्या ठिकाणच्या लघुशक्ती प्रक्षेपकाचा उपयोग या गावाला होणे शक्य नव्हते.

वर्तुळाबाहेरच्या गावांनी यावर जो उपाय काढला, तो ग्रामीण तंत्रकौशल्याचा नमुना मानावा लागेल. लोखंडी नळ एकात एक बसवून वीस-पंचवीस फुटांचा खांब उभा करायचा, त्याला तीन बाजूंनी तारांचे ताण द्यायचे, टोकावर ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा अँटेना आणि त्याच्याजवळच ‘बूस्टर’ बसवायचा. दांड्यांची लांबी मनमानी नसे. ती लहरीच्या लांबीवर अवलंबून असे. मुंबई केंद्राच्या चौथ्या वाहिनीची कंप्रता ६१ ते ६८ मेगाहर्ट्झ असल्याने तिच्यासाठी मुख्य दांडी सव्वादोन मीटरच्या आसपास लागे, तर १७४ मेगाहर्ट्झच्या पुढच्या पट्ट्यासाठी पाऊण मीटर पुरे होई. ही गणिते कोणी शिकवली नव्हती. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांनी ती हाताने आत्मसात केली. खांब फिरवणारा छपरावर, संच पाहणारा घरात आणि दोघांमध्ये ‘आलं का?’ – ‘आलं, आलं... गेलं!’ हा संवाद, हे दृश्य त्या पिढीतील कोणालाही सांगावे लागत नाही. वादळात खांब वाकला की रविवारचा कार्यक्रम बुडे. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळातील ‘रामायण’ आणि त्यामागून आलेले ‘महाभारत’ यांनी तर खांबाची उंची ही प्रतिष्ठेचीही बाब केली.

वीज हा दुसरा अडथळा होता. वीज गेल्यास कृष्णधवल संच ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला जाई. ‘आमची माती आमची माणसं’ हा कृषिविषयक कार्यक्रम ऊस उत्पादकाने अशा बॅटरीवर पाहणे, यात त्या काळाचे सारे चित्र सामावले आहे.

मुद्रणयंत्र : मुद्रणावाचून

घरगुती मुद्रणाचा इतिहास मात्र अपेक्षेपेक्षा वेगळा निघतो. व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरचा मूळ हेतू प्रसारित कार्यक्रम मुद्रित करून नंतर पाहणे हा होता. १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सोनी कंपनीच्या बाजूने निकाल देऊन असे खासगी मुद्रण कायदेशीर ठरवले. त्याच वर्षी भारतात स्वामित्व हक्क (दुरुस्ती) अधिनियम झाला आणि तो ८ ऑक्टोबर १९८४ पासून अमलात आला. त्याचा रोख व्हिडिओद्वारे होणाऱ्या चोरीकडे होता. एकाच वर्षातील या दोन घटनांमधून एकाच यंत्राकडे पाहण्याच्या दोन दृष्टी स्पष्ट होतात. अमेरिकी न्यायालयापुढचा प्रश्न प्रेक्षकाच्या सोयीचा होता, तर भारतीय कायद्यापुढचा प्रश्न चित्रपटाच्या चोरीचा होता.

आणि भारतीय कायद्याचे निरीक्षण वस्तुस्थितीला धरूनच होते. ग्रामीण भागात यंत्र मुद्रणासाठी नव्हे, तर चित्रपट पाहण्यासाठी आले. रंगीत संच, यंत्र आणि तीन कॅसेट एका रात्रीच्या भाड्याने आणायच्या, वर्गणी काढायची आणि पहाटेपर्यंत गल्लीने एकत्र बसून पाहायचे, ही पद्धत रूढ झाली. तीन तासांच्या ई-१८० फितीवर एक हिंदी चित्रपट जेमतेम मावे. पुष्कळदा भाड्याने मिळणारे यंत्र व्हीसीआर नसून व्हीसीपी असे, म्हणजे त्यात फक्त फीत दाखवण्याची सोय असे, मुद्रणाची नसे. महामार्गावरून धावणाऱ्या खासगी ‘व्हिडिओ कोच’ गाड्यांनी याच यंत्राची आणखी एक ओळख रस्त्याकाठच्या गावांना करून दिली. जिथे दूरदर्शनची एकच वाहिनी दिसत होती आणि तीही मुंग्यांसह दिसत होती, तिथे मुद्रित करण्याजोगे फारसे हाती लागत नव्हते, हे यामागचे साधे कारण होय.

तरीही काही घरांनी मुद्रण केले. पालखी सोहळ्याचे प्रक्षेपण, एखादे नाटक, क्रिकेटचा सामना हे फितींवर उतरवले गेले. या फितींचे मोल तेव्हा कोणाला जाणवले नाही. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळातील अनेक कार्यक्रमांच्या फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. फीत महाग असल्याने ही काटकसर करण्यात आली आणि तिच्या पायी मराठी दूरचित्रवाणीच्या पहिल्या दशकाचा मोठा भाग नाहीसा झाला. संस्थेने जे पुसले, ते क्वचित एखाद्या घरात टिकले असण्याची शक्यता राहते. इतिहासकाराने घरगुती मुद्रणाकडे गांभीर्याने पाहावे, ते यासाठी.

छत्री आणि केबल

१९९१ मध्ये स्टार टीव्ही आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाल्यानंतर केबलचालकांच्या मोठ्या ‘छत्र्या’ निमशहरी गावांत उभ्या राहिल्या. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी आणि जुलै २००० मध्ये ई टीव्ही मराठी आल्यावर केबल ही हौस न राहता मराठी घराची गरज झाली. १९९५ च्या केबल नियमन कायद्याने केबलचालकास दूरदर्शनच्या किमान दोन वाहिन्या दाखवणे बंधनकारक केले होते. उद्देश सार्वजनिक प्रसारणाचे रक्षण हा होता. परिणाम असा झाला की केबल घेतलेल्या घराला अँटेनाची आवश्यकताच उरली नाही, आणि खांब उतरू लागले.

येथे धोरणाचा प्रश्न उपस्थित होतो. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉल प्रकरणात ध्वनिलहरींचे माध्यम ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. नभोवाणीच्या क्षेत्रात खासगी एफएम केंद्रे पुढे आली. भूस्थित दूरचित्रवाणी मात्र दूरदर्शनपुरतीच मर्यादित राहिली. खासगी मराठी वाहिनी छपरावरच्या साध्या अँटेनावर कधीच दिसू शकली नाही. अँटेना तंत्र म्हणून हरला नाही. त्याला दाखवण्यासारखे काही देण्यातच आले नाही, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

मोफत तबकडी

१६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शनने ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही सेवा ३३ वाहिन्यांसह सुरू केली. पुढे तिचे नाव डीडी फ्री डिश झाले. तबकडी आणि पेटी एकदा विकत घेतली की मासिक शुल्क नाही. अमेरिकी प्रेक्षकाला अँटेना जे देतो, ते टेंभुर्णीच्या प्रेक्षकाला या तबकडीने दिले. परकीय अनुभव येथे उलटा का भासतो, याचे उत्तर या योजनेत सापडते. भारतात उपग्रह हा खर्चाचा पर्याय असतानाच मोफत पर्यायही तोच झाला. सिंहगडाकडे, म्हणजे वायव्य-पश्चिमेस तोंड करून उभा असलेला अँटेना गेला आणि आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील उपग्रहाकडे पाहणारी तबकडी आली. अंतराचा जुना अन्याय तिने संपवला. ३६ हजार किलोमीटरवरील उपग्रहाला पुणे आणि टेंभुर्णी सारखेच.

खासगी डीटीएच सेवांनी याच काळात मुद्रणाची सोय आणली. टाटा स्कायने २००८ मध्ये मुद्रण करणारी पेटी बाजारात आणली. परंतु तिच्यातील मुद्रण पेटीबाहेर नेता येत नसे. याउलट फ्री डिशसाठी खुल्या बाजारात मिळणाऱ्या अनेक स्वस्त पेट्यांना पेनड्राइव्ह जोडण्याची जागा होती आणि चालू कार्यक्रम त्यावर साठवता येत होता. भारनियमनाने हैराण झालेल्या भागात ही सोय मात्र अपुरी पडे. कार्यक्रमाच्या वेळी वीजच नसेल, तर मुद्रणयंत्रही बंदच.

ग्रामीण भागातील केबलच्या डिजिटलीकरणासाठी ३१ मार्च २०१७ ही मुदत ठरली होती. १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या नव्या दररचनेत पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये आणि त्यावर कर असे जोडणीशुल्क आले, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. सशुल्क वाहिन्यांचे दर निराळे. निवडीचे स्वातंत्र्य म्हणून आलेली ही रचना उसाचे बिल वर्षातून एक-दोनदा हाती येणाऱ्या घरांना मासिक ओझे वाटणे स्वाभाविक होते. या दशकात फ्री डिशचा प्रसार देशभर चार कोटी घरांच्या पुढे गेल्याचे उद्योगक्षेत्राचे अंदाज सांगतात.

भूस्थित प्रसारणाला नवे रूप देण्याचा एक प्रयत्न झाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने १६ शहरांत डिजिटल भूस्थित सेवा सुरू केली. महाराष्ट्रातून त्यांत मुंबई आणि तत्कालीन औरंगाबाद ही दोनच शहरे होती. लहान गावांपर्यंत ती आली नाही. ३१ मार्च २०२२ पर्यंत मोक्याच्या ठिकाणचे सुमारे ५० वगळता दूरदर्शनचे ॲनालॉग प्रक्षेपक बंद करण्यात आले.

त्यापूर्वीच, २०१६ च्या जुलैमध्ये, जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआरचे उत्पादन थांबवले होते. ज्या घरांत मुद्रित फिती उरल्या आहेत, त्यांना त्या पाहण्यासाठी यंत्र उरलेले नाही. लग्नाचे चित्रीकरण करणारे छायाचित्रकार जुन्या कॅसेट डिजिटल स्वरूपात उतरवून देतात, परंतु त्यांच्याकडे येतात त्या लग्नाच्या आणि बारशाच्या फिती. दूरदर्शनवरून उतरवलेली फीत कोणी सहसा आणत नाही, कारण ती आपली आहे असे कोणाला वाटत नाही. काही छपरांवर जुन्या अँटेनाचा नळ अजून उभा असतो. त्याला एका टोकाला कपडे वाळत घालण्याची तार बांधलेली असते आणि त्याच नळाला पकडीने आवळून नवी तबकडी बसवलेली असते.