युद्धकालांतील विद्यार्थिमन

३ सप्टेंबर १९३९ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनीं हिंदुस्थान युद्धांत सामील झाल्याची घोषणा केली. त्यापूर्वीं या देशाच्या लोकप्रतिनिधींचें मत त्यांनीं विचारलें नव्हतें. या घोषणेनें येथील महाविद्यालयांतील तरुणांपुढें मोठा पेंच उभा केला. हिटलरशाहीचा तिरस्कार करावा, तर तिच्याशीं लढणाऱ्या साम्राज्यानेंच स्वदेशास पारतंत्र्यांत ठेवलेलें. साम्राज्यास विरोध करावा, तर त्याचा लाभ हिटलरला होण्याची भीति.

विद्यार्थ्यांची देशव्यापी संघटना तेव्हां अवघी तीन वर्षांची होती. ऑगस्ट १९३६ मध्यें लखनौस अखिल भारतीय विद्यार्थी फेडरेशन स्थापन झालें, त्या वेळीं उद्घाटक जवाहरलाल नेहरू व अध्यक्ष महंमद अली जीना होते. परंतु एवढ्या विशाल मांडवाखालीं जमलेलीं मनें फार काळ एकत्र राहिलीं नाहींत. डिसेंबर १९४० मध्यें नागपूरच्या अधिवेशनांत फेडरेशन दुभंगलें. कम्युनिस्ट मताचे विद्यार्थी एकीकडे व राष्ट्रीय सभेच्या बाजूचे दुसरीकडे गेले. पुढें २२ जून १९४१ रोजीं जर्मनीनें रशियावर स्वारी केली. कालपर्यंत ज्यास साम्राज्यशाहीचें युद्ध म्हटलें, त्यासच त्या वर्षाच्या अखेरीस कम्युनिस्ट विद्यार्थी लोकयुद्ध म्हणूं लागले.

८ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला व दुसऱ्या दिवशीं पहाटे पुढारी पकडले गेले. नेत्यांवांचून उरलेल्या चळवळीचा भार मोठ्या प्रमाणावर विद्यार्थ्यांनीं उचलला. ११ ऑगस्ट रोजीं पाटण्याच्या सचिवालयावर तिरंगा फडकवूं पाहणाऱ्या तरुणांवर गोळीबार होऊन सात विद्यार्थी मृत्युमुखीं पडले. मुंबईंत उषा मेहता या बावीस वर्षांच्या तरुणीनें शिक्षण सोडून साथीदारांसह गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. जागा बदलीत, पोलिसांस चुकवीत सुमारे तीन महिने हें केंद्र बोलत राहिलें. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं तिला अटक झाली व पुढें चार वर्षांची शिक्षा भोगावी लागली.

या चळवळीपासून दूर राहिलेल्या फेडरेशनच्या विद्यार्थ्यांना सहाध्यायांकडून देशद्रोही हें विशेषण ऐकावें लागलें. मॉस्कोचें धोरण बदलतांच ज्यांचें मत बदललें, त्यांच्याविषयीं संशय वाटणें स्वाभाविकच होतें. तथापि १९४३ च्या बंगालच्या दुष्काळांत अन्नछत्रें चालविण्यास व मदत गोळा करण्यास जे तरुण धांवले, त्यांत यांपैकीं पुष्कळ होते. युद्धाच्या अखेरीस पंचवीस लाखांच्या घरांत गेलेल्या हिंदी सैन्यांत सुशिक्षित तरुणहि होते. त्यांपैकीं कांहींस उपजीविका हवी होती, तर कांहींस फॅसिझमचा पराभव. या सर्वांस एकाच तागडींत तोलणें न्यायाचें होणार नाहीं. ज्या वयांत परीक्षेचा निकाल हीच मोठी चिंता असावयाची, त्या वयांत त्यांना तुरुंग, सैन्य किंवा मित्रांचा तिरस्कार यांतून निवड करावी लागली. आणि ती करतांना युद्धाचा शेवट कोणासच ठाऊक नव्हता.

युद्ध संपल्यावर आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर ५ नोव्हेंबर १९४५ पासून दिल्लीच्या लाल किल्ल्यांत खटला सुरू झाला. त्याच्या निषेधार्थ २१ नोव्हेंबर रोजीं कलकत्त्यांत निघालेल्या मिरवणुकींत सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकचे विद्यार्थी होते. त्यांस फेडरेशनचे विद्यार्थी येऊन मिळाले व इस्लामिया कॉलेजचे विद्यार्थीहि मुस्लिम लीगचा हिरवा झेंडा घेऊन आले. धरमतला रस्त्यावर पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. त्यांत रामेश्वर बॅनर्जी हा विद्यार्थी ठार झाला. नागपुरास पांच वर्षांपूर्वीं एकमेकांकडे पाठ फिरविलेले पक्ष त्या सायंकाळीं त्याच रस्त्यावर एकमेकांशेजारीं होते. ही एकी फार दिवस टिकली नाहीं. पुढील वर्षीं ऑगस्टमध्यें त्याच शहरांत जातीय दंग्यांत हजारों माणसें मारलीं गेलीं. तरीहि त्या रात्रीं हे तरुण एकत्र बसले होते, हें कलकत्त्यास विसरतां आलें नाहीं.