परत आलेल्यांचं काय करायचं?

शिलाँगच्या पोस्टिंगमध्ये सुरुवातीच्या चर्चचा इतिहास वाचायला घेतला. त्यात हुतात्म्यांपेक्षा मला डगमगलेल्यांचं प्रकरण जास्त भिडलं. ऐनवेळी कच खाल्लेल्या माणसाचं पुढे काय करायचं, हा प्रश्न आपल्या फौजी मंडळींना नवा नाही.

इ.स. 250 मध्ये रोमन सम्राट डेसियसच्या हुकमाने प्रत्येकाला देवतांपुढे बळी अर्पण करून अधिकाऱ्यांकडून तसा दाखला घ्यावा लागला. इजिप्तमध्ये पपायरसवरचे असे दाखले सापडले आहेत. काही ख्रिस्ती ठाम राहिले, तुरुंगात गेले, मेले. पण उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये कितीतरी जणांनी बळी अर्पण केला. काहींनी पैसे चारून नुसता दाखला मिळवला. 251 मध्ये डेसियस गॉथांशी लढताना पडला. छळ थांबला आणि हीच माणसं चर्चच्या दारात परत उभी राहिली.

रोममध्ये नोवेशियन म्हणाला, यांना चर्चमध्ये पुन्हा जागा नाही. कार्थेजमधले काही जण दुसऱ्या टोकाला होते: तुरुंग भोगलेल्याची चिठ्ठी आणली की लगेच आत घ्या. बिशप सिप्रियनने दोन्ही नाकारलं. छळाच्या काळात तो स्वतः लपून राहिला होता, त्यावरून टोमणे खात होता. 251 च्या परिषदेत ठरलं ते असं: दाखला विकत घेणाऱ्यांची एकेक करून चौकशी व्हावी आणि प्रायश्चित्तानंतर त्यांना घ्यावं, बळी अर्पण करणाऱ्यांनी प्रायश्चित्त करत राहावं, त्यांना मरणसमयी घ्यावं. थोड्याच काळात नव्या छळाची चाहूल लागली, तेव्हा प्रायश्चित्त करणाऱ्या सगळ्यांनाच आत घेतलं. सिप्रियनचं कारण अस्सल सैनिकी होतं: ज्यांना लढाईला उभं करायचं, त्यांना निःशस्त्र कसं ठेवणार?

चर्च वाढण्याची कारणं अनेक आहेत. त्याच वर्षांत आलेल्या महामारीत केलेली सेवा हे त्यातलंच एक. पण मला वाटतं, परतीची वाट ठेवली नसती तर ही वाढ टिकली नसती. नोवेशियनचा 'शुद्धांचा' पंथ काही शतकं चालला आणि विरून गेला. दुसऱ्या बाजूला उगाच माफी वाटली असती, तर ठाम राहिलेल्यांच्या त्यागाला किंमत उरली नसती. क्षमा होती, पण तिला शिस्त होती.

14 सप्टेंबर 258 रोजी कार्थेजजवळ सिप्रियनचा शिरच्छेद झाला. आठ वर्षांपूर्वी लपलेला हा माणूस या वेळी मरणाला सामोरा गेला.