चुकीचे मूळ

नेम चुकला की दोष हाताला द्यायचा, ही जुनी रीत. अमेरिकेतील मिलफर्डच्या डॉ. फ्रँकलिन मान यांनी तो हातच प्रयोगातून वगळला. रायफलीची नळी काँक्रीटच्या भक्कम चौथऱ्यावर बसवून त्यांनी वर्षानुवर्षे गोळ्या झाडल्या. काही मुद्दाम विद्रूप करून. टोक बिघडले तरी गोळी फारशी भरकटत नसे. बूड बिघडले की नेम ढळे. १९०९ साली 'द बुलेट्स फ्लाइट' या ग्रंथात हे सारे आले. शिशाच्या गोळ्या घरी ओतून काडतुसे भरणारे पिस्तूल-नेमबाज आजही गोळीचे बूड निरखून पाहतात. आम्हांला यात समीक्षेचाही धडा दिसतो : दोष ठरविण्यापूर्वी एकेक कारण वेगळे करावे, नजरेत भरणाऱ्या टोकापाशीच थांबू नये.