तरंगंबाडी : समुद्रकाठच्या घराचे मोल

निवृत्ती जवळ आली की आमच्या सेवेतील मंडळींच्या गप्पांत एक विषय हमखास निघतो : घर कुठे घ्यावे? समुद्रकाठचे लहानसे गाव, जुने चौसोपी घर आणि शांतता, असे काहीसे चित्र अनेकांच्या मनात असते. तमिळनाडूतील तरंगंबाडी या चित्रात नेमकी बसते. मात्र अशा घराचे मोल कसे ठरते, हे त्या गावाच्या इतिहासातूनच समजून घ्यावे लागते.

तरंगंबाडी कारैकालच्या किंचित उत्तरेस आहे. १६२० साली ओव्हे गेडे या डॅनिश दर्यासारंगाने तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून वार्षिक खंडाच्या बदल्यात हे गाव मिळविले आणि तेथे डान्सबोर्ग किल्ला उभारला. पुढे तंजावर व्यंकोजीराजे भोसल्यांच्या हाती आले आणि हा खंड मराठा दरबारात जमा होऊ लागला. १७०६ साली येथे आलेल्या त्सिगेनबाल्ग या जर्मन धर्मोपदेशकाच्या प्रेरणेने तमिळ नवा करार छापला गेला. १७५० साली याच गावात आलेला श्वार्ट्झ पुढे सरफोजीराजांचा गुरू झाला. तेव्हा मराठी वाचकाने या गावाला अगदीच परके मानू नये.

अठराव्या शतकात इंग्रज आणि फ्रेंच आपसांत लढत असताना डेन्मार्कच्या तटस्थतेचा लाभ तरंगंबाडीच्या व्यापाराला झाला. आज दिसणाऱ्या रुंद रस्त्यांमागे आणि चुनेगच्ची बंगल्यांमागे त्या काळातील संपत्ती आहे. १८०८ ते १८१५ या काळात गाव इंग्रजांच्या ताब्यात राहिले आणि व्यापार मोडला तो कायमचा. १८४५ साली डेन्मार्कने तरंगंबाडी व श्रीरामपूर साडेबारा लाख रुपयांना ईस्ट इंडिया कंपनीस विकून टाकले. काही वर्षे जिल्ह्याचे मुख्यालय येथे होते. १८६० साली तेही तंजावरला हलले. लगोलग नागपट्टिणमहून लोहमार्ग निघाला आणि मालाने तिकडची वाट धरली.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पुढील गोष्ट सरळ आहे. जागेला मागणी उरली नाही, म्हणून जुनी घरे पाडून नवी बांधण्याची कोणाला गरज भासली नाही. ज्या जुनेपणाचे आज आपल्याला आकर्षण वाटते, तो गावाच्या पडत्या काळाने राखून ठेवला.

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली. तत्कालीन नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. २००५ साली राज्य शासनाने धोरण आखले : भरतीरेषेपासून दोनशे मीटरच्या आत राहणाऱ्यांनी आतल्या बाजूस शासनाने दिलेले नवे घर घ्यावे आणि जुन्या जागेवरील हक्क सोडावा. जुन्या जागीच राहायचे असल्यास मनाई नव्हती. मात्र दुरुस्तीसाठी साहाय्य मिळणार नव्हते. याच काळात वारसाप्रेमी संस्थांनी गावातील जुन्या इमारतींची निगुतीने दुरुस्ती केली आणि समुद्रासमोरच्या एका बंगल्यात हॉटेल थाटले गेले.

यातील प्रत्येक निर्णयाचे स्वतंत्रपणे समर्थन करता येते. जीविताची सुरक्षितता महत्त्वाची आहे आणि वारसाही जपलाच पाहिजे. परंतु दोन्ही निर्णय शेजारी ठेवले की विसंगती डोळ्यांत भरते. मच्छीमाराला घरातून होडी आणि जाळी नजरेसमोर हवी असतात, समुद्राचा रंग पाहून पहाटेचा निर्णय घ्यायचा असतो. समुद्राचे सान्निध्य हे त्याच्या उपजीविकेचे साधन आहे. आपल्यासाठी तो केवळ देखावा आहे. लाट दोघांनाही सारखीच धोक्याची, तरी किनारा सोडण्याची किंमत ज्याला साहाय्याची गरज होती त्यालाच मोजावी लागली. पर्याय कागदावर दोन होते. घर वाहून गेलेल्या माणसापाशी एकच होता. योजना आखताना आम्ही अधिकारी 'ऐच्छिक' हा शब्द फार सहजपणे लिहितो.

तरंगंबाडीस अवश्य जावे. संध्याकाळी किल्ल्याच्या तटावर बसावे, ओटे आणि कौलारू छपरे असलेल्या जुन्या तमिळ घरांपुढून फिरावे. कोकणातल्या माणसाला ती ओळखीची वाटतील. घर घेण्याचा मोह झालाच, तर समुद्र किती अंतरावर आहे एवढेच विचारून थांबू नये. त्या अंतरात पूर्वी कोण राहत होते, हेही विचारावे.