अदृश्य प्रकाशाची लिपी

दूरचित्रवाणी संचाचा रिमोट हरवला की घरात केवढा गोंधळ उडतो, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. पण तो हाती असताना त्याच्याकडे कुतूहलाने पाहावे असे क्वचितच कोणास वाटते. वास्तविक या हातभर लांबीच्याही नसलेल्या वस्तूमागे दोन शतकांचा इतिहास उभा आहे. आज एखादा शाळकरी मुलगा असा रिमोट स्वतः जुळवतो, तेव्हा तो या इतिहासाचे शेवटचे पान लिहीत असतो.

आरंभ करावा लागतो तो इ.स. १८०० पासून. जर्मनीतील हॅनोव्हर येथे जन्मलेले आणि इंग्लंडात स्थायिक झालेले विल्यम हर्शल हे मूळचे संगीतकार. १७८१ साली युरेनस ग्रहाचा शोध लावून त्यांनी कीर्ती मिळवली होती. सूर्यप्रकाशाच्या कोणत्या रंगात किती उष्णता असते हे पाहण्यासाठी त्यांनी लोलकातून आलेल्या रंगपट्ट्यात तापमापके ठेवली. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे ठेवलेल्या तापमापकातील पारा अधिकच वर चढला. ज्यांना आपण अवरक्त किरण म्हणतो, त्यांची मानवाला झालेली ही पहिली ओळख.

या किरणांना निरोप्याचे काम मिळण्यास मात्र दीड शतकाहून अधिक काळ जावा लागला. दुरून यंत्र चालवण्याची कल्पना निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्क येथे रेडिओलहरींवर चालणारी छोटी नौका दाखवून सिद्ध केली होती. दूरचित्रवाणीच्या क्षेत्रात अमेरिकेतील झेनिथ कंपनीने १९५० साली तारेने जोडलेला नियंत्रक बाजारात आणला. १९५५ मध्ये यूजीन पॉली यांनी ती तार काढून टाकली. त्यांचे उपकरण विजेरीसारखे होते. पडद्याच्या चार कोपऱ्यांतील प्रकाशसंवेदी घटांपैकी हव्या त्या घटावर झोत टाकला की काम होई. परंतु खिडकीतून आलेले ऊनही त्या घटांवर पडे आणि संच आपोआप वाहिनी बदलू लागे. सूर्याचा प्रकाश कोणता आणि मालकाचा कोणता, हे त्या घटांना ओळखता येत नव्हते.

मूळचे व्हिएन्नाचे रॉबर्ट ॲडलर यांनी १९५६ साली प्रकाशाचा नादच सोडून ध्वनीचा आश्रय घेतला. बटण दाबले की लहानशी हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटे आणि मानवी कानांना ऐकू न येणारा सूर निघे. अशा चार कांड्या, चार सूर आणि चार आज्ञा. या उपकरणाला बॅटरीदेखील लागत नसे. मात्र तो सूर टिपणाऱ्या यंत्रणेमुळे संचाची किंमत सुमारे ३० टक्क्यांनी वाढे, आणि किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी कधीकधी वाहिनी बदले. असे असूनही या पद्धतीने सुमारे पाव शतक राज्य केले.

दरम्यान १९६१ साली टेक्सास येथे अवरक्त प्रकाश देणारा अर्धवाहक डायोड सिद्ध झाला आणि १९८० च्या दशकात हर्शल यांचे अदृश्य किरण घरोघरी आले. पॉली यांना अडवणारी अडचण आता निराळ्या युक्तीने सुटली. रिमोटमधील डायोड नुसता पेटत नाही, तर सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो. ग्राहक घटक तेवढ्याच गतीची लुकलुक स्वीकारतो. उन्हाचा संथ प्रकाश तो बाजूला सारतो. या लुकलुकीचे लहानमोठे खंड पाडून आज्ञा लिहिली जाते. एनईसी या जपानी कंपनीच्या पद्धतीत आरंभी ९ मिलिसेकंद प्रकाश व साडेचार मिलिसेकंद अंधार असतो. मग आखूड विराम म्हणजे शून्य आणि लांब विराम म्हणजे एक. प्रत्येक आज्ञा एकदा सरळ व एकदा उलट करून पाठवली जाते. आपल्या जुन्या हिशेबनिसांच्या भाषेत सांगायचे तर हा ताळाच होय.

प्रत्येक कंपनीने आपली लिपी वेगळी ठेवली. आपल्यापैकी अनेक घराण्यांच्या ट्रंकांत मोडी कागदांचे रुमाल पडून आहेत. मजकूर आपलाच, परंतु वाचणारा घरात उरलेला नाही. रिमोटचेही तसेच झाले. वस्तू आपण विकत घेतली, मात्र ती काय बोलते हे आपल्याला कळेना. रिमोट बिघडला आणि तो नमुना बाजारातून उठला, की चांगला संच अडगळीत जाई.

ही कोंडी फुटली ती इटलीतील इव्रेआ या टंकलेखन यंत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात. तेथील एका संस्थेत मास्सिमो बान्झी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली विद्यार्थ्यांसाठी आर्डुइनो नावाची स्वस्त मायक्रोकंट्रोलर पट्टी तयार केली. नाव घेतले गावातल्या एका मद्यगृहावरून, आणि त्या मद्यगृहाला नाव मिळाले होते तिथल्या एका मध्ययुगीन राजाचे. या पट्टीचा आराखडाच सर्वांना खुला ठेवण्यात आला. २००९ साली केन शिरिफ यांनी तिच्यासाठी निरनिराळ्या कंपन्यांच्या अवरक्त लिप्या वाचणारी व लिहिणारी आज्ञावली खुली केली.

आता कृती साधी आहे. तीन पायांचा ग्राहक घटक पट्टीला जोडावा, जुन्या रिमोटचे बटण त्याच्यासमोर दाबावे आणि उमटलेला अंक टिपून घ्यावा. मग योग्य रोधासह अवरक्त डायोड जोडून तोच अंक परत पाठवावा. पल्ला वाढवायचा असल्यास मध्ये एक ट्रान्झिस्टर घालावा. मूळ रिमोट मात्र मोडण्यापूर्वीच वाचून ठेवलेला बरा. हात थरथरणाऱ्या आजोबांसाठी चाळीस बटणांऐवजी दोनच मोठी बटणे बसवता येतात. एक संच लावण्याचे आणि एक आवाजाचे.

बाजारात तयार रिमोट थोड्या पैशांत मिळतो, मग हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील. परंतु आजोबांना हवी ती दोनच बटणे असलेला रिमोट त्याला दुकानात सहसा मिळणार नाही. तो ज्याला घरी करता येतो, त्याला आपल्या घरातील एका तरी यंत्राची लिपी वाचता येते. पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहून भाषा सांभाळणाऱ्या आपल्या समाजाला, वाचता येणे आणि न येणे यांत किती अंतर असते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.